हसूकाकांचे चार दात आणि माझी दोन बटणं

माझ्या कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात दोन बारकी बटणं आहेत. एकावर अधिकची खूण, दुसऱ्यावर वजाची. गाणारा म्हणाला, "पट्टी जरा वर घ्या," की अधिकचं दाबायचं. "उतरवा" म्हणाला की वजाचं. बोटं मात्र होती तिथंच राहतात. ज्यांनी पेटी कधी उघडली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कुठल्या पट्टीला 'सा' मानायचं त्यावरून गाण्याची उंची ठरते. पांढरी एक, काळी चार, काळी पाच, अशी त्यांची नावं. प्रत्येकीत बोटं वेगळी पडतात. खरा वादक ती सगळी शिकतो. मी पांढरी एक शिकलो आणि बटण विकत घेतलं. भावगीतांचे कार्यक्रम, मंगळागौरी, साखरपुडे, एका पतपेढीचा रौप्यमहोत्सव, सगळं मी बावीस वर्षं पांढरी एकमध्ये वाजवलं. माझ्या कार्डावर 'सर्व प्रकारचे संगीत' असं छापलेलं आहे. त्याच्या शेजारी ही माहिती शोभली नसती.

तर अशा माणसाला रेवदंड्याहून फोन आला. तिथल्या एका ब्रास बँडच्या कीबोर्डवाल्याला, सलीमला, अचानक मस्कतची नोकरी लागली होती. बँडनं तीन सुपाऱ्या आधीच घेतलेल्या होत्या: एक चर्चच्या सणाची मिरवणूक, एक निकाहची वरात आणि एक हळद. चार दिवसांचं काम.

"सगळं वाजवता ना?" फोनवरच्या माणसानं विचारलं.

"सगळं," मी म्हणालो.

बायको शेजारी मेथी निवडत होती. तिनं नुसतं वर पाहिलं.

रेवदंडा

अलिबागपासून पुढे शेअर रिक्षा. आत चार माणसं, माशांच्या दोन रिकाम्या पाट्या आणि माझा कीबोर्ड. काळ्या पिशवीतला तो लांबडा ऐवज सगळ्यांच्या मांडीवर आडवा टाकला होता. पुण्यात रिक्षातल्या अनोळखी बाईशी बोललं तर गैरसमज होतो, इथं न बोललं तर होतो. शेजारच्या बाईंनी पिशवीवर टिचकी मारली.

"भाऊ, मढं हाय काय याच्यात?"

"कीबोर्ड आहे."

"मंजे सलीमच्या बदली आलाव तुमी. हसूच्या बँडात." त्यांनी सगळ्या रिक्षाला ऐकवलं. "मी जनाबाय. शनवारी माज्या धाकटीची हळद हाय. तुमीच वाजवणार."

अलिबागच्या बाजारात मासळी विकून त्या परत निघाल्या होत्या. पुढच्या वीस मिनिटांत मला कळलं ते असं. त्यांच्या घरी एक रीत आहे. हळद वाटून तयार असते, नवरी पाटावर बसलेली असते, पण हळदीला कोणी बोट लावायचं नाही. आधी दारात नुसत्या ठेक्यावर एकट्या ट्रंपेटची एक चाल वाजते, तिला त्यांच्याकडे 'बोलावणं' म्हणतात. चाल चढत चढत एका उंच सुरावर जाते आणि तिथं थांबून राहते. तो सूर खाडीतल्या होड्यांपर्यंत गेला की घरातल्यांनी हळद उचलायची. जनाबाईंच्या स्वतःच्या हळदीला ते हसूराम नावाच्या वीस वर्षांच्या पोरानं वाजवलं होतं. त्यानंतर त्या घरच्या प्रत्येक हळदीला त्यानंच.

"आता म्हातारा झाला काय?" मी विचारलं.

"म्हातारा न्हाय. पुढचे चार दात गेले. नवीन बसवलेत." मग ताज्या माशाचं कल्लं उचलून बघावं तशा सुरात त्या म्हणाल्या, "बघू."

हसूकाका मला धक्क्यावर भेटले. एका बाजूला बांबूंवर बोंबील वाळत होते, दुसऱ्या बाजूला हा माणूस पायरीवर बसून ट्रंपेटचं नुसतं माउथपीस ओठांना लावून माशी अडकल्यासारखा आवाज काढत होता. वय छप्पन, अंगात इस्त्रीचा सदरा. मी नमस्कार केला, त्यांनी आधी घड्याळ पाहिलं.

"चार वाजता बोललो व्हतो, मास्तर. सवाचार झाले."

"रिक्षा..."

"पावना उशिरा आला तं चालतो. वाजवणारा न्हाय."

बावीस वर्षं वाजवल्यावर मला हे ऐकावं लागलं.

दातांची हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली, तीही हवापाण्याची सांगावी तशी. पावसाळ्यात याच पायरीवरून ते घसरले. हातात ट्रंपेट होतं. "ट्रंपेट वर धरला आन तोंड खाली गेला." ट्रंपेटवर ओरखडाही नाही. दवाखान्यात चांगली कवळी करून दिली, तिनं ऊस खाता येतो, पण उंच सुराला माउथपीस ओठांवर दाबावं लागतं आणि दाबलं की कवळी मागे सरकते.

"शनवारी जनीच्या घरी वरचा सूर लागला तं लागला," ते म्हणाले. "न्हाय लागला तं पयला ट्रंपेट नरेशचा. मी खुळखुळा वाजवीन."

नरेश म्हणजे त्यांचा पुतण्या, दुसरं ट्रंपेट वाजवणारा, तिशीतला. तो मागे ड्रमच्या दोऱ्या आवळत होता. "काका, काय पन बोलता," तो म्हणाला आणि आणखी जोरात दोरी ओढायला लागला.

मग मला बँडच्या खुणा शिकवल्या. या बँडात कागद नाही. हसूकाका चालता चालता पाठीमागे हात धरतात. बोटं वर म्हणजे काळी, बोटं खाली म्हणजे पांढरी, जितकी बोटं तितक्या नंबरची पट्टी. हाताचा तळवा दाबला की हळू. हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं.

"आन एक," ते म्हणाले. "सुरुवातीला सूर तुमी देणार. एकदा दिला की मधे बदलायचा न्हाय. चुकला तरी आपलाच. लोकांना चूक कळत न्हाय, घाबरलेला कळतो."

मी मान डोलावली. मुक्काम नरेशच्या घरी होता. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी इतकी खाल्ली की त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवशीचं पीठ मळायला घेतलं.

कोर्लई

खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. टेकडीवर किल्ला, खाली समुद्राकडे तोंड करून गाव. इथल्या ख्रिस्ती वाडीतली घरं आपसात जी बोली बोलतात ती पोर्तुगीजच्या नात्यातली आहे. पोर्तुगीज जाऊन कैक पिढ्या झाल्या, पण हिनं घर सोडलं नाही. मला त्यातला एक शब्द कळला, तो म्हणजे पाव, कारण समोर तोच ठेवला होता. सोबत व्हिनेगरात मुरवलेलं डुकराचं मटण. सकाळी आठ वाजता. मी आदल्या दिवशी 'सगळं खातो' असंही सांगून बसलो होतो. खाल्लं, आणि परत घेतलं.

बँडनं लाल कोट उतरवून पांढरे चढवले होते. मला सलीमचा मिळाला. सलीम माझ्याहून चांगला फूटभर उंच असावा. बाह्यांमधून माझी फक्त नखं दिसत होती. हसूकाका प्रत्येकाच्या बटणांवरून नजर फिरवत आले, माझ्यापाशी थांबले, बाह्या दोन घड्या वर दुमडल्या आणि पुढे गेले.

मिरवणुकीत पुढे मूर्ती, मागे गाणारे लोक, त्यामागे आम्ही. माझा कीबोर्ड, बॅटरी आणि भोंगा हातगाडीवर. हसूकाका काल संध्याकाळी धक्क्यावर कोळीगीत वाजवत होते. आज त्यांनी भक्तिगीत असं उचललं की जन्मभर चर्चच्या बाकावर बसले असावेत. घाई नाही, मुरकी नाही, गाणाऱ्यांच्या श्वासाइतकीच ओळ. मी भक्तिगीतातही सवयीनं दोन हरकती घातल्या. पाठीमागचा तळवा दाबला गेला. मी गप्प झालो.

तिसऱ्या गाण्याला पाठीवर पाच बोटं वर आली. काळी पाच. पांढरी एकहून दोन घरं खाली, म्हणून माझ्या कीबोर्डच्या पडद्यावर 'वजा दोन' हवं होतं आणि ते होतंच. तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली, मी कीबोर्ड सावरायला हात टाकला आणि अंगठा वजाच्या बटणावर दोनदा बसला. मी सूर दिला तो काळी चारचा. आणखी दोन घरं खाली.

बटणाकडे हात गेला आणि कालचं वाक्य आठवलं. हात मागे घेतला. पुढे हसूकाकांनी मान वळवलीसुद्धा नाही. पाठीवरच्या पाच बोटांतला अंगठा आत मुडपला. चार. बस्स. क्लॅरिनेट, नरेशचं ट्रंपेट, मोठा भोंग्यासारखा युफोनियम, सगळे एका ठेक्याच्या आत नव्या पट्टीत. जशी काही तीच ठरलेली होती. आणि मी ऐकलं, त्या गाण्यातला सर्वांत उंच सूर हसूकाकांच्या ट्रंपेटातून सरळ निघाला. थरथर नाही, चिरकणं नाही.

मिरवणूक संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ मुद्दाम आमच्याकडे आले. "फार वर्षांनी आज वरची ओळ माझ्या गळ्यातून पूर्ण निघाली," ते म्हणाले. "देवाची कृपा."

"व्हय," हसूकाका म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

जेवताना ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"मास्तर, एक विचारू? मगाशी पट्टी बदलली, तुमची बोटं बदलली न्हाईत."

मी पावाचा तुकडा तोंडात टाकला.

"काल धक्क्यावर पन न्हाय बदलली. तुमी समदं एकाच पट्टीत वाजवता व्हय?"

बावीस वर्षांत पुण्यातल्या एकाही रसिकाला दिसलं नव्हतं ते या माणसानं पाठमोरं चालता चालता पकडलं होतं. मी सगळं कबूल केलं. बटणं दाखवली. त्यांनी वाकून नीट पाहिली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसले. नवे चार दात बाकीच्यांपेक्षा जरा जास्त पांढरे होते.

"म्हंजे आपलं दोघांचं सारखंच," ते म्हणाले.

आगरदांडा ते दिघी

तिसऱ्या दिवशी निकाह खाडीपलीकडे, दिघीजवळच्या एका गावात. आगरदांड्याहून फेरीबोटीत बँडचा टेम्पो चढवला. दहा-पंधरा मिनिटांचं पाणी. मी कठड्याला टेकून दूरवर जंजिरा शोधत होतो, डोक्यात प्रवासवर्णनाची वाक्यं जुळत होती, आणि कीबोर्डचा स्टँड आगरदांड्याच्या चहाच्या टपरीमागे उभा होता. हे मला दिघीला उतरल्यावर कळलं.

नवऱ्या मुलाचे वडील, बशीरभाई, अंगणातच होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत हाक मारली. कपडे इस्त्री करायचं टेबल बाहेर आलं. "दुबईहून आणलंय," ते म्हणाले. "आजवर त्यावर कोणी वाजवलं नाही." त्या टेबलाची उंची कमी-जास्त करता येते. सांगायला हरकत नाही, माझ्या स्टँडपेक्षा ते बरं आहे.

आधी खाणं. सांदणं आली, इडलीची गोरी, मऊ बहीण म्हणावी अशी, नारळाच्या दुधात बुडवून खायची. त्यावर मटण. आमच्याकडे वाजवणाऱ्यांना जेवायला बसवतात ते पंगत उठल्यावर, मागच्या दारी. इथं बशीरभाईंनी आम्हाला मेव्हण्यांच्या रांगेत बसवलं आणि स्वतः वाढलं. "दादा, पोट भरल्याशिवाय फुंकणार कसं?" ते म्हणाले. मी फुंकत नाही हे सांगायची गरज वाटली नाही.

वरात निघाली. इथं हसूकाका तिसरेच. कव्वालीच्या ढंगाची चाल, ट्रंपेट आणि क्लॅरिनेट एकमेकांना सवाल-जवाब करताहेत, नवऱ्याचे आखाती दोस्त हात वर करून नाचताहेत. मी खुशीत येऊन कीबोर्डातला आपोआप वाजणारा ठेका सुरू केला. गल्लीच्या वळणावर हसूकाकांनी एकदम मूठ बंद केली आणि सगळा बँड ओळीच्या मधेच, सुरी फिरवल्यासारखा थांबला. लांबून अजान सुरू झाली होती. हसूकाकांनी टोपी काढून हातात घेतली. सगळी वरात स्तब्ध.

स्तब्ध नव्हता तो माझा कीबोर्ड. 'धिन ताक धिन ताक' असं एकटाच आनंदात वाजत होता. मी दिसेल ते बटण दाबलं. ठेका जलद झाला. शेवटी मी बॅटरीची वायर उपटली.

अजान संपल्यावर मी बशीरभाईंकडे माफी मागायला गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मशीनला कान नसतात, दादा. तुम्हाला आहेत ना?" सगळे दोस्त हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

पुढच्या चालीत ते घडलं. ट्रंपेट चढत गेलं आणि सर्वांत वर पोचतापोचता चिरकलं. अर्धा क्षण. नरेश शेजारूनच तो सूर उचलून पुढे घेऊन गेला, इतका बेमालूम की नाचणाऱ्यांचा पाय चुकला नाही. हसूकाका धूळ गेल्यासारखे खोकले. मग रुमालानं तोंड झाकून, पाठ फिरवून, कवळी जागेवर बसवली. माझ्याशिवाय कोणी पाहिलं नसावं. बशीरभाईंनी कौतुकानं दोघांच्याही गळ्यात हार घातले.

परतीच्या फेरीबोटीत हसूकाका माझ्याकडे आले. बाकीचे टेम्पोत पेंगत होते.

"मास्तर, कोर्लईला केलीत ती चूक उद्या परत करायची."

"म्हणजे?"

"जनीच्या दारात. काळी पाचचा सूर द्यायचा तिथं काळी चार द्या. दोन घरं खाली आलं तं मना वरचा सूर घावतो. कोर्लईला घावला."

"मग तुम्हीच उतरवा की पट्टी. बँड तुमचा आहे."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "माज्या बापानं काळी पाचला वाजवलं. मी पस्तीस वर्सं काळी पाचला. मी उतरवली तं नरेशला कळंल, बँडला कळंल, जनीला तं कळंलच. मग त्या दिवशी मी संपलो. तुमी उतरवली तं पुन्याच्या मास्तरची चूक. मी काय करू? सूर दिला की दिला."

मी जरा दुखावलो. "पण हसूकाका, माझं नाव खराब होईल."

"तुमचं नाव इथं हाय कुठं?" ते म्हणाले, अगदी मायेनं.

मी हो म्हणालो. बावीस वर्षं चुका लपवण्यात घालवली होती, आता चारचौघांत ठरवून एक करायची होती. ती तरी बिनचूक करू, असं मनाशी म्हणालो. रात्री नरेशच्या ओटीवर आवाज बंद करून वजाचं बटण वीस वेळा दाबून पाहिलं. 'वजा दोन'चं 'वजा चार' व्हायचं. दर वेळी झालं.

पुन्हा रेवदंडा

शनिवारी संध्याकाळी, ऊन अजून खाडीवर असताना, आम्ही जनाबाईंच्या दारात उभे राहिलो. म्हणजे ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी, कारण हसूकाका. लाल कोट, पितळी बटणं चमकवलेली. सलीमचा कोट आता नरेशच्या बायकोनं बाह्यांना टाचून माझ्या मापाचा केला होता.

मांडवात बायकांची गर्दी, सगळ्यांच्या केसांत अबोलीचे वळेसर. धाकटी पाटावर बसलेली. समोर परातीत हळद. कोणी बोट लावत नव्हतं. नरेश ट्रंपेटचे खटके उगाच दाबत होता. त्यालाही माहीत होतं आज काय ठरणार ते, आणि मला वाटतं, त्याला ते नको होतं.

जनाबाई हिरव्या लुगड्यात, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काय हसू? दात आनलेस ना?"

"आनलेत."

"मग वाजव. होड्या थांबल्यात."

हसूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी किंचित मान हलवली. बोट वजाच्या बटणाकडे नेलं.

आणि इथं मला त्या घरातली दुसरी एक रीत कळली, जी मला कोणी सांगितली नव्हती. नवरीच्या हळदीला बोलावण्याआधी बोट लावायचं नाही, पण एक वाटी वेगळी वाटलेली असते, ती नवख्या पाहुण्याची. मागून दोन हात आले. जनाबाईंच्या जावा. माझं कपाळ, गाल, कान, आणि चष्मा.

"पुन्याचं पावनं कोरडं राहायचं न्हाय!"

मांडव हसला. मी चष्मा काढून रुमालानं पुसला. हळद पुसली जात नाही, पसरते. चष्मा घातला तर जग पिवळं, काढला तर जग धूसर. पडद्यावरचा आकडा दोन्ही परींनी दिसेना. बोटंही पिवळी, बुळबुळीत. हसूकाका ट्रंपेट ओठांशी घेऊन वाट बघत होते. मी बटणं चाचपली. वजा डावीकडे की उजवीकडे? बावीस वर्षं रोज दाबलेली बटणं, पण ती मी कायम डोळ्यांनी दाबली होती. बोटांना काही ठाऊक नव्हतं.

दोनदा दाबलं. सूर दिला.

खाली नव्हता. वर होता. काळी पाचहून दोन घरं वर, पांढरी एक. ज्या एकाच पट्टीत मी आयुष्य काढलं तीच नेमकी येऊन उभी राहिली.

माझा हात पुन्हा बटणाकडे गेला. हसूकाकांनी मान हलवली, नाही. ढोलक्यानं ठेका धरला होता, सगळा मांडव सूर ऐकून बसला होता. सूर दिला की दिला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नीट पाहिलं नाही, माझा चष्मा पिवळा होता म्हणून म्हणा. पण त्यांचा हात पाठीमागे गेलेला दिसला. एक बोट, खाली. पांढरी एक. मग तळवा दाबला. हळू. नरेशनं ट्रंपेट उचललं होतं, काका चुकले तर सावरायला. हसूकाकांनी कोपरानं त्याचं ट्रंपेट खाली केलं.

आणि तीच चाल त्यांनी पूर्ण एक सप्तक खाली सुरू केली.

ट्रंपेट खालच्या अंगानं कसं बोलतं हे मी कधी ऐकलं नव्हतं. बँडमध्ये ते कोणी वाजवत नाही, कारण गल्लीच्या आवाजात ते पोचत नाही. घोगरं, भरलेलं, उंबऱ्यात बसून बोलणाऱ्या माणसासारखं. ढोलक्यानं काठ्या टाकून बोटांवर ठेका घेतला. सुरुवातीला मांडवात कुजबुज होती. मग ऐकू यावं म्हणून एक बाई दुसरीला गप्प म्हणाली, दुसरी तिसरीला. चाल चढली, जिथं होड्यांना हाक मारायची तिथं आली, आणि तिथला सूर हाक न मारता नुसता थांबून राहिला. लांब. कवळी हलली नाही. मग चाल उतरत उतरत सर्वांत खालच्या सुरावर येऊन टेकली.

कोणी टाळी वाजवली नाही. धाकटी पाटावर रडत होती, पण नवरी हळदीला रडतेच, ते मी हिशेबात धरत नाही. जनाबाई पुढे आल्या.

"हसू, हे कवा शिकलास?"

"आत्ताच."

"माज्या वक्ताला एवढ्या वरून वाजवलास, मना काय आयकू आलाच न्हवता. घाबरले व्हते." त्यांनी परातीतली हळद दोन बोटांवर घेतली. "आज आयकला." आणि मागे वळून ओरडल्या, "आता बघताव काय? लावा! आन होड्यांना कोनी तरी फोन करा!"

मग नेहमीचा गोंधळ. नरेशनं खणखणीत वरच्या सुरातली कोळीगीतं घेतली, हसूकाका त्याच्याखाली जोड देत राहिले, मी पांढरी एक सोडली नाही. ती माझी हक्काची होती.

सामान भरताना मी हसूकाकांपुढे उभा राहिलो. तोंडाची हळद सुकून ताणली होती.

"मास्तर, खाली सांगितलं व्हतं."

"दिसलं नाही, काका."

त्यांनी ट्रंपेट उलटं धरून पाणी झटकलं. "काळी पाचला मी खाली उतरलोच नसतो. त्या चालीतला शेवटचा सूर त्या पट्टीत ट्रंपेटाच्या तळाखाली जातो, या नळीत तो न्हायच. दोन घरं वर गेलं म्हनून तळाला जागा झाली." मग म्हणाले, "पस्तीस वर्सं वाजवतोय. खाली काय हाय ते बघितलंच न्हवतं."

"म्हणजे माझी चूक बरोबर होती."

"चूक ती चूक," हसूकाका म्हणाले. "आन उद्या सातची रिक्षा हाय. सातची म्हंजे सातची."

पुण्यात येऊन महिना झाला. मध्ये नरेशचा फोन आला होता. आता वरचं ट्रंपेट तो वाजवतो आणि खालचं काका. हे कोणी कोणाला सांगितलं नाही, तसं होत गेलं. खुळखुळा कोपऱ्यातच आहे. शेजारच्या दोन घरांनी त्यांच्या हळदीला 'जनाबायकडचं खालचं' मागितलं आहे. सलीमची जागा अजून रिकामी आहे, पण त्याबद्दल नरेश काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

कीबोर्ड मी स्पिरिटनं पुसून काढला. पट्ट्या स्वच्छ झाल्या, पडदा स्वच्छ झाला. अधिकचं बटण मात्र अजून पिवळं आहे, ते काही जात नाही. सध्या मी रोज सकाळी अर्धा तास त्याला हात न लावता काळी पाच वाजवायला शिकतो आहे. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "हा कोण नवीन शिकाऊ आलाय?"